‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ म्हणजे नेमके काय अडले? लिनक्ससीएनसी बसवताना येणारे डिपेंडन्सीचे अडथळे

साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात चार बाय आठ फुटांचा एक सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कापणारे मशीन, आहे. एमडीएफ आणि ॲक्रिलिक कापणे हे त्याचे रोजचे काम, आणि 2018 मध्ये राज्यात थर्मोकोलवर बंदी आल्यापासून गणपतीच्या आधीचे दोन महिने तो मखरांच्या जाळ्या व कमानी कापण्यातच गुंतलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत मशीन चालवणारा संगणक बंद पडला. मालकांनी लॅमिंग्टन रोडवरून पॅरलल पोर्ट (मशीनला संकेत पाठवायची जुनी जोडणी) असलेला एक जुना डेस्कटॉप आणला, गाळ्यातल्या ऑपरेटरने त्यावर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) बसवले, आणि मशीन चालवणारे लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर टाकायला घेताच पडद्यावर इंग्रजीत चार-पाच ओळी आल्या व काम थांबले. मला फोन आला तेव्हा त्याचा पहिलाच प्रश्न होता, “सर, मी काहीच होल्ड केलेलं नाही, मग हे हेल्ड म्हणतंय ते कुठलं?”

प्रश्न अगदी रास्त होता, कारण त्या संदेशाची शेवटची ओळ खरोखरच दिशाभूल करणारी आहे. लिनक्सवर मशीन कंट्रोलचे सॉफ्टवेअर बसवताना बहुतेक जण याच ओळीपाशी अडतात, आणि अडलेले बहुतेक जण पुढे जे करतात त्याने मूळ अडचण सुटत नाही, उलट दुसरी तयार होते. म्हणून हा संदेश कसा वाचायचा, तो का येतो आणि त्यावर काय करायचे, एवढेच या लेखात पाहू. आदेश येथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत द्यायचे.

पॅकेज कशावर अवलंबून असते

लिनक्सवरील बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात मिळते. पॅकेजमध्ये प्रोग्रामच्या फायली तर असतातच, शिवाय एक छोटी यादीही असते: मला चालण्यासाठी अमुक लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात असा तयार कोड) हवी, तिची आवृत्ती निदान इतकी हवी, अमुक भाषेचा दुभाषी प्रोग्राम हवा. या यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे एक डिपेंडन्सी. लिनक्ससीएनसीची यादी लांबलचक असते, कारण ते एकच एक सॉफ्टवेअर नसून अनेकांचा मेळ आहे. त्याचा ॲक्सिस हा नेहमीचा पडदा पायथन आणि टीसीएल-टीके यांवर उभा आहे, काही पडदे जीटीकेवर आहेत, काही क्यूटीवर, आणि आतला बराचसा भाग सी व सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असून तो बूस्टसारख्या लायब्रऱ्या वापरतो.

लायब्ररीची आवृत्ती इतकी काटेकोर का लागते, हे गाळ्यातल्या माणसाला बेअरिंगच्या भाषेत चटकन पटते. नागदेवी स्ट्रीटवर जाऊन आपण 6203 क्रमांकाचे बेअरिंग मागतो, म्हणजे 17 मिलिमीटरचे भोक, 40 मिलिमीटरचा बाहेरचा व्यास आणि 12 मिलिमीटर जाडी. दुकानदाराने 6204 पुढे केले आणि “हे नवं आहे, जास्त दणकट आहे” असे सांगितले, तरी 20 मिलिमीटरच्या भोकाचे ते बेअरिंग आपल्या शाफ्टवर खेळत राहणार आणि 47 मिलिमीटरचा व्यास घरात बसणार नाही. लायब्ररीच्या नावात असलेला आकडा हाच असा क्रमांक आहे. बूस्टच्या 1.67 या आवृत्तीशी जोडून तयार केलेला प्रोग्राम 1.74 ही आवृत्ती समोर असूनही चालत नाही, कारण आतल्या जोडण्यांची मापे बदललेली असतात. नवे म्हणजे जुन्याच्या जागी बसणारे, असा नियम येथे नाही.

डेबियनची प्रत्येक आवृत्ती या अर्थाने बेअरिंगांचा एक ठरलेला संच असते. डेबियन 10, म्हणजे बस्टर, 2019 मध्ये आले. त्यात बूस्ट 1.67 होते आणि पायथन 2 अजून शिल्लक होते. पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 मध्ये, म्हणजे बुकवर्ममध्ये, पायथन 3.11 आहे, बूस्ट 1.74 आहे आणि पायथन 2 मुळीच नाही. इकडे लिनक्ससीएनसीची 2.8 ही आवृत्ती पायथन 2 वर चालणारी होती, तर 2.9 पायथन 3 वर आली. एवढ्या तारखा समोर ठेवल्या की साकीनाक्यात काय घडले याचा निम्मा उलगडा होतो: ऑपरेटरने कुठल्याशा जुन्या सूचनांवरून बस्टरसाठी बनवलेली 2.8 ची डेब फाइल (डेबियनच्या पॅकेजची फाइल) उतरवली होती आणि ती बुकवर्मवर बसवायला घेतली होती.

संदेश मधून वाचावा

पडद्यावरचा मजकूर साधारण असा होता. आधी, “द फॉलोइंग पॅकेजेस हॅव अनमेट डिपेंडन्सीज”. मग, “लिनक्ससीएनसी-यूस्पेस : डिपेंड्स : लिबबूस्ट-पायथन1.67.0 बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल”, आणि त्याखाली पायथन-टीके, पायथन-जीटीके2 अशा नावांच्या तशाच ओळी. शेवटी, “ई : अनेबल टू करेक्ट प्रॉब्लेम्स, यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस”.

यातली शेवटची ओळ आधी बाजूला ठेवावी. कुणी एखादे पॅकेज मुद्दाम रोखून धरले असेल तर ही ओळ येऊ शकते, हे खरे. पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा तिचा अर्थ एवढाच असतो की पॅकेज मॅनेजरने, म्हणजे पॅकेजे आणून बसवणाऱ्या ॲप्ट या प्रोग्रामने, सगळ्या जुळण्या करून पाहिल्या आणि एकही जमली नाही. खात्री करायची असेल तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ हा आदेश द्यावा. काहीच उत्तर आले नाही, तर कुठलेही पॅकेज रोखलेले नाही आणि त्या ओळीचा विचार तिथेच सोडावा. गाळ्यातही काहीच उत्तर आले नव्हते.

खरी माहिती मधल्या ओळींत असते, आणि त्या ओळींच्या शेपटाकडे नीट पाहायला हवे, कारण शेपटे तीन प्रकारची असतात आणि तिन्हींचे निदान वेगळे आहे.

“इट इज नॉट इन्स्टॉलेबल” याचा अर्थ असा की या नावाचे पॅकेज आपल्या संगणकाला ठाऊक असलेल्या कुठल्याच भांडारात, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यात, मिळत नाही. नाव कानावर आहे, माल दुकानात नाही. याची कारणे दोनच संभवतात. एक तर ते पॅकेज आपल्या डेबियनच्या आवृत्तीत अस्तित्वातच नाही, म्हणजे आपण दुसऱ्या आवृत्तीसाठी बनवलेली फाइल आणली आहे. नाहीतर ते आहे, पण ज्या भांडारात ते असते ते भांडार आपल्या यादीत जोडलेले नाही. दोन्हींतले कोणते, हे ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ या आदेशापुढे पॅकेजचे नाव देऊन कळते. उत्तरात ‘कँडिडेट’ या शब्दापुढे आवृत्तीचा आकडा दिसला तर माल आहे. ‘नन’ दिसले किंवा काहीच दिसले नाही तर नाही. एकाच वेळी पाच-सहा पॅकेजे “नॉट इन्स्टॉलेबल” असतील आणि त्यांच्या नावांत जुने आकडे असतील, तर आवृत्तीची गल्लत झाली आहे असे मी पुढे काही न तपासता धरून चालतो, आणि आजवर तो अंदाज फारसा चुकलेला नाही.

“इट इज नॉट गोइंग टु बी इन्स्टॉल्ड” हे दुसरे शेपूट ऐकायला तसेच वाटते, पण त्याचा अर्थ पुष्कळ वेगळा आहे. येथे माल दुकानात आहे. मात्र तो घेतला तर त्याला लागणारी आणखी एखादी वस्तू मिळत नाही, किंवा आधीपासून बसलेल्या एखाद्या पॅकेजशी त्याचा झगडा होतो. म्हणजे अडचण एक पायरी खाली आहे आणि पॅकेज मॅनेजर वरच्या पायरीवर उभा राहून बोलत आहे. अशा वेळी करायची युक्ती साधी आहे: जे पॅकेज बसवले जाणार नाही असे तो म्हणतो, तेवढे एकटेच बसवायला सांगावे, आणि तेही ‘मायनस एस’ हा पर्याय जोडून, म्हणजे प्रत्यक्षात काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम होते. लगेच पुढच्या पायरीचे नाव समोर येते. तेही “गोइंग टु बी” म्हणाले तर पुन्हा त्याचे नाव घ्यावे. दोन-तीन पायऱ्या उतरल्यावर एखादे “नॉट इन्स्टॉलेबल” किंवा आवृत्तीचा एखादा विसंवाद सापडतोच, आणि मूळ तेच असते.

तिसऱ्या प्रकारात ओळीत आकडे असतात: अमुक पॅकेजला तमुक आवृत्ती हवी, पण दुसरीच बसवली जाणार आहे. लिनक्ससीएनसीच्या बाबतीत हे हमखास घडते, त्याचे कारण असे की हे सॉफ्टवेअर दोन ठिकाणी मिळते. डेबियन 12 पासून ते डेबियनच्या स्वतःच्या भांडारात आहे, आणि प्रकल्पाचे स्वतःचे वेगळे भांडारही आहे. डेबियन 12 मधले पॅकेज 2.9 च्या अंतिम प्रकाशनापूर्वीच्या अवस्थेतले आहे, तर प्रकल्पाच्या भांडारात त्यानंतरच्या सुधारित आवृत्त्या मिळतात. मुख्य पॅकेज एका ठिकाणाहून आणि त्याचे ‘डेव्ह’ नावाचे जोडपॅकेज दुसऱ्या ठिकाणाहून येऊ लागले की अडते, कारण जोडपॅकेजला मुख्य पॅकेजची तंतोतंत तीच आवृत्ती लागते; थोडी पुढचीही चालत नाही. येथेही ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ कोणती आवृत्ती कोणत्या भांडारातून येते आहे ते ओळीओळीने दाखवते. दोन्हीपैकी एक भांडार ठरवावे आणि सगळे तिथूनच घ्यावे.

दुकानच बंद असते तेव्हा

कधी कधी आवृत्ती बरोबर असते, फाइल बरोबर असते, तरी सगळेच “नॉट इन्स्टॉलेबल” दिसते. अशा वेळी आधी ‘ॲप्ट अपडेट’ चालवून त्याचे उत्तर शेवटपर्यंत वाचावे. पुष्कळ जण हा आदेश देतात आणि मजकूर सरकत असताना चहा घ्यायला जातात. मग त्यात मधेच आलेली चूक सांगणारी ओळ कुणीच पाहत नाही.

डीव्हीडीवरून डेबियन बसवताना नेट जोडलेले नसेल, तर भांडारांच्या यादीत फक्त त्या डीव्हीडीची ओळ राहते आणि संगणकाला इंटरनेटवरचे एकही भांडार माहीत नसते. जुन्या, आधार संपलेल्या आवृत्त्यांची भांडारे काही काळाने मुख्य सर्व्हरवरून काढून संग्रहाच्या सर्व्हरवर हलवली जातात, त्यामुळे पत्ता सापडत नाही अशी 404 ची चूक येते. प्रकल्पाच्या भांडाराची सही तपासणारी किल्ली संगणकात नसेल, तर “नो पबकी” असे लिहून ॲप्ट त्या भांडाराकडे पाठ फिरवतो. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांची गंमत वेगळीच असते: ‘एलएसबी-रिलीज’ हा आदेश तेथे मिंटचे सांकेतिक नाव सांगतो, उबंटूचे नव्हे, आणि तयार सूचनांतून उचललेली ओळ ते नाव घेऊन अशा पत्त्यावर जाते जो कधीच नव्हता. मिंटमध्ये ‘ओएस-रिलीज’ या फाइलीत उबंटूचे मूळ नाव वेगळ्या ओळीत दिलेले असते, ते पाहावे.

साकीनाक्याच्या त्या डेस्कटॉपवर आणखी एक अडचण निघाली, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘ॲप्ट अपडेट’च्या उत्तरात एक ओळ होती, “रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट”. म्हणजे, भांडाराची यादी अजून वैध झालेली नाही. ऑपरेटरला वाटले की सर्व्हर बिघडला आहे. प्रत्यक्षात संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर2032 बॅटरी मेलेली होती, त्यामुळे प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याची तारीख काही वर्षे मागे जात होती, आणि त्या तारखेच्या हिशेबाने आज तयार झालेली यादी भविष्यातली ठरत होती. जुन्या बाजारातून आणलेल्या संगणकात हे सर्रास होते. बॅटरी बदलली, तारीख लावली, आणि ती ओळ गेली.

ठोकून बसवण्याचे परिणाम

मी पोहोचण्याआधी गाळ्यात दोन गोष्टी करून झाल्या होत्या. पहिली म्हणजे डेब फाइल ‘डीपीकेजी मायनस आय’ने बसवली होती. डीपीकेजी हे खालच्या थरातले अवजार आहे. ते फाइल उघडून जागच्या जागी ठेवते, पण लागणाऱ्या इतर वस्तू आणून देणे हे त्याचे काम नाही, ते ॲप्टचे काम आहे. त्यामुळे पॅकेज उघडलेले पण जोडणी न झालेले अशा अर्धवट स्थितीत राहते, आणि ‘डीपीकेजी मायनस एल’ केल्यावर त्याच्यापुढे ‘आययू’ अशी खूण दिसते. एकदा असे अर्धवट पॅकेज राहिले की नंतर दुसरे काहीही, अगदी पीडीएफ वाचायचे साधे सॉफ्टवेअर बसवायला घेतले, तरी ॲप्ट तीच जुनी तक्रार पुन्हा मांडतो. हातात डेब फाइल असेल आणि ती आपल्याच आवृत्तीसाठी असेल, तर ‘ॲप्ट इन्स्टॉल’पुढे डॉट-स्लॅश लावून फाइलचे नाव द्यावे, म्हणजे बाकीचे सामान तो स्वतः आणतो.

दुसरी गोष्ट अधिक महाग पडली. ॲप्टने सुचवले म्हणून ऑपरेटरने ‘फिक्स-ब्रोकन’चा आदेश दिला, “विल बी रिमूव्हड” या शब्दांखालची यादी न वाचता ‘वाय’ दाबले, आणि त्या यादीत डेस्कटॉपचा निम्मा भाग होता. असे का झाले? मधल्या काळात त्याने बस्टरचे भांडारही यादीत जोडून पाहिले होते, आणि दोन आवृत्त्यांचा माल एकत्र आल्यावर पॅकेज मॅनेजरला जुळणी साधण्याचा जो मार्ग सापडला, त्यात डेस्कटॉप काढून टाकणे हे एक पाऊल होते. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला तो काळ्या पडद्यावर. दुरुस्तीचा हा आदेश वाईट नाही. पण तो देण्याआधी परके भांडार काढून टाकायला हवे आणि काय काढले जाणार आहे ती यादी शेवटच्या नावापर्यंत वाचायला हवी. मी तर ती कागदावर उतरवून घेतो.

आणखी दोन हातोडे आहेत, तेही सांगून ठेवतो. एक, ‘फोर्स-डिपेंड्स’ हा पर्याय, ज्याने डीपीकेजी डिपेंडन्सीच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करतो. दुसरा, नव्या लायब्ररीच्या फाइलला जुन्या नावाची लिंक करून देणे, म्हणजे 6204 च्या खोक्यावर 6203 लिहिणे. कागदपत्रे बनवायच्या सॉफ्टवेअरवर असे केले तर फार तर ते मधेच बंद पडेल. येथे मात्र त्या सॉफ्टवेअरच्या हातात फिरणारा स्पिंडल आहे, आणि ते जॉबच्या मधोमध कोसळले तर महागडा बिट, शीट किंवा बोट यांपैकी काय जाईल हे सांगता येत नाही. संगणकाच्या इतर कामांत मी थोडी जुगाडगिरी चालवून घेतो, मशीनवर मुळीच नाही.

गाळ्यातला तोडगा शेवटी इतका सोपा निघाला की ऑपरेटर काही वेळ माझ्याकडे नुसता पाहत राहिला. बस्टरची ओळ यादीतून काढली, अर्धवट बसलेले पॅकेज ‘डीपीकेजी पर्ज’ने पूर्ण काढले, डेस्कटॉप पुन्हा बसवला, आणि ‘ॲप्ट इन्स्टॉल लिनक्ससीएनसी-यूस्पेस’ एवढा एकच आदेश दिला. डेबियन 12 च्या स्वतःच्या भांडारात ते आधीपासून होते. बाहेरून फाइल आणण्याची गरजच नव्हती.

जुन्या सूचना वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत 1990 च्या दशकात ईएमसी या नावाने जन्मले, पुढे ईएमसी2 झाले, आणि त्याच नावाच्या एका कंपनीने ट्रेडमार्कवरून हरकत घेतल्यावर लिनक्ससीएनसी झाले. आजही त्याच्या आयएनआय या मांडणीच्या फाइलीत ईएमसी नावाचा विभाग असतो. त्यामुळे कुठे ‘ईएमसी2’ नावाचे पॅकेज बसवा असे लिहिलेले आढळले, तर त्या सूचना किती जुन्या आहेत हे लगेच ओळखावे. तसेच नुसते ‘लिनक्ससीएनसी’ या नावाचे पॅकेज हे जुन्या आरटीएआय पद्धतीच्या कर्नलसाठी (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) असते. आजच्या नेहमीच्या मांडणीत नावापुढे ‘यूस्पेस’ असलेले पॅकेज लागते.

पायथनचा थर

पॅकेज बसले, प्रोग्राम उघडला, आणि एखादा खास पडदा निवडताच “मॉड्यूल नॉट फाउंड” आले, तर ती डिपेंडन्सीचीच अडचण आहे, फक्त ती बसवताना न दिसता चालवताना दिसली. सवयीने लोक लगेच ‘पिप इन्स्टॉल’ करतात (पिप हे पायथनची मॉड्यूल आणणारे अवजार). डेबियन 12 मध्ये त्यावर “एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट” असे उत्तर येते, म्हणजे या संगणकाचे पायथन डेबियन सांभाळतो, त्यात पिपने ढवळाढवळ करू नये. ही अडवणूक मला योग्य वाटते. हवे असलेले मॉड्यूल बहुधा ‘पायथन3’ने सुरू होणाऱ्या नावाने डेबियनच्या भांडारात असते, क्यूटीचे पडदे वापरणाऱ्यांना लागणारी पायक्यूटी5 ची पॅकेजे तशीच मिळतात. जे भांडारात खरेच नाही त्यासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे, पण ते करताना ‘सिस्टम-साइट-पॅकेजेस’चा पर्याय द्यावा, नाहीतर त्या बंद खोलीतून लिनक्ससीएनसीचे स्वतःचे पायथन मॉड्यूलच दिसत नाही.

जी डिपेंडन्सी ॲप्ट सांगत नाही

येथवर सगळे सुरळीत झाले, ॲक्सिसचा पडदा उघडला, ऑपरेटरने हात जोडले. तरी मशीन अजून तयार नव्हते. लिनक्ससीएनसीला आणखी एक गोष्ट लागते जी लायब्ररीसारखी तपासता येत नाही, आणि ती म्हणजे वेळेची शाश्वती. पॅरलल पोर्टमधून स्टेपर (पावलापावलाने फिरणारी) मोटर चालवताना हे सॉफ्टवेअर साधारण दर 25 मायक्रोसेकंदांनी पोर्टकडे लक्ष देते, आणि हालचालीचे गणित दर एक मिलिसेकंदाने करते. साधा कर्नल अधूनमधून दुसऱ्या कामात गुंततो आणि ठोका चुकवतो. ठोका चुकला की मोटरची पावले चुकतात, आणि जाळीची नक्षी एका बाजूला सरकते. यासाठी प्रीएम्प्ट-आरटी हा वेगळा कर्नल लागतो. तो अनेक वर्षे मूळ कर्नलच्या बाहेर, ठिगळासारखा जोडला जात असे. 2024 च्या अखेरीस आलेल्या 6.12 या आवृत्तीत तो मूळ कर्नलमध्येच आला.

डेबियन 12 मध्ये हा कर्नल ‘लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी64’ या पॅकेजने येतो. तो नसला तरी लिनक्ससीएनसी उघडते, टर्मिनलमध्ये रिअलटाइम नसल्याची एक ओळ टाकते, आणि घाईत ती ओळ सुटून जाते. तो बसवल्यावरही संगणक त्याच कर्नलने सुरू झाला आहे ना, हे ‘यूनेम मायनस ए’ने पाहावे. येथे एक फसवी जागा आहे: साध्या कर्नलच्या उत्तरातही ‘प्रीएम्प्ट-डायनॅमिक’ असा शब्द असतो, आणि ‘प्रीएम्प्ट’ दिसले म्हणून मंडळी निश्चिंत होतात. शब्द ‘प्रीएम्प्ट-आरटी’ असाच हवा. ज्यांच्या संगणकात एनव्हीडियाचे कार्ड आहे, त्यांच्याकडे या टप्प्यावर पुन्हा पॅकेजची चूक येऊ शकते, कारण त्या कंपनीचा ड्रायव्हर आरटी कर्नलवर तयार व्हायला नकार देतो आणि कर्नलचे पॅकेज अर्धवट राहते. मशीनच्या संगणकात मदरबोर्डवरचेच साधे ग्राफिक्स वापरणे हा त्यावरचा माझा नेहमीचा सल्ला.

मग ठोका किती चुकतो हे मोजणारी ‘लेटन्सी-टेस्ट’ चालवायची, आणि ती चालू असताना संगणकाला मुद्दाम छळायचे: खिडक्या सरकवायच्या, मोठी फाइल कॉपी करायची, व्हिडिओ लावायचा. सर्वांत मोठी चूक 15 ते 20 मायक्रोसेकंदांच्या आत राहिली तर पॅरलल पोर्टवरून मोटर उत्तम चालते. 30 ते 50 पर्यंतही काम निभावते, फक्त वेग कमी ठेवावा लागतो. 100 च्या पुढे गेली तर तो संगणक या कामाचा नाही, आणि मग मेसासारखे पल्स स्वतः तयार करणारे कार्ड घ्यावे. लॅमिंग्टन रोडचा तो डेस्कटॉप सुरुवातीला बराच उधळत होता. बायोसमधील वीजबचतीचे पर्याय बंद केल्यावर आकडा 18 वर आला, आणि व्हिडिओ लावूनही तिथेच राहिला.

सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, लिनक्ससीएनसी तयार करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की तेथे अंदाजाने एकेक लायब्ररी टाकत बसू नये. सोर्सच्या फोल्डरात ‘डेबियन’मधला ‘कॉन्फिगर’ चालवला की आपल्या आवृत्तीला अनुरूप अशी गरजांची यादी तयार होते, आणि त्यानंतर ‘डीपीकेजी-चेकबिल्डडेप्स’ काय कमी आहे ते एका दमात सांगतो.

गाळा सोडण्यापूर्वी आम्ही संगणकाचे आपोआप होणारे अपडेट बंद केले, लिनक्ससीएनसी आणि आरटी कर्नल ही दोन्ही पॅकेजे ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने रोखली, चालत्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली, आणि डेबियनची आवृत्ती, कर्नलचा आकडा, भांडाराचे नाव व लेटन्सीचा 18 हा आकडा एका कागदावर लिहून कंट्रोल पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला. ऑपरेटरला एवढे सांगून ठेवले की पुढे कधी ॲप्ट “केप्ट बॅक” असे म्हणू लागला आणि त्याखाली हीच दोन नावे दिसली, तर फोन करायचा नाही. ती आपणच रोखलेली आहेत.